जानकीबाईची हरकत

मोहाडीत जानकीबाईच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. बाई अंगाने किडकिडीत, पण जिभेला हाड नाही. घरात नवऱ्याचा हातमाग. नंदलालने विणलेली साडी मागावरून उतरली की ती दारात नेऊन उजेडाला धरायची आणि तिच्यातली खोट शोधायची, हे जानकीबाईचं काम. कुठे धागा सुटला, कुठे काठ ओढला गेला, हे तिला बोटाने चाचपूनही पाहावं लागत नसे. मग त्याच साड्यांचं गाठोडं घेऊन ती गावात आणि आसपासच्या खेड्यांत विकायला जायची. चार घरच्या ओसरीवर बसून पाणी प्यायलं की चार घरचं कळतं. त्यामुळे पोरीला स्थळ आलं की लोक आधी जानकीबाईकडे चौकशीला यायचे.

आणि जानकीबाई सांगायची. हातचं काही राखायची नाही. अड्याळच्या एका देखण्या, शिकलेल्या मुलाबद्दल तिने एवढंच सांगितलं की त्याच्या घरी म्हाताऱ्या आईच्या पोळ्या मोजून ठेवतात. सोयरीक तिथल्या तिथे मोडली. एका मास्तराच्या मुलीबद्दल ती म्हणाली, पोरगी सोन्यासारखी आहे, फक्त तिला झोपेतून उठवायला दोन माणसं ठेवा. तेही मोडलं. लोक तिला मागे शिव्या घालायचे, पुढ्यात चहा द्यायचे. तिचं सांगणं आजवर एकदाही खोटं निघालं नव्हतं, हेच त्यांना जास्त टोचायचं.

इतकी चौकशी करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या लग्नात मात्र कोणी काडीची चौकशी केली नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचं ठरलं होतं. नवरदेवाचा धाकटा भाऊ रिकामा होता, घरात धाकटी पोर वाढत होती. बापाने एकाच मांडवात दोघींना उजवून टाकलं. जानकी तेव्हा गोठ्यात जाऊन बसली होती. मामाने दंडाला धरून तिला बोहल्यावर आणून उभं केलं. अंतरपाट सरला तेव्हा समोर नंदलाल होता, घाबरलेला, हातातला हार उलटा धरलेला. त्या दिवसापासून तिला हा माणूस पसंत पडला नाही. का, ते विचारलं तर धड सांगता आलं नसतं. नंदलाल पीत नव्हता, हात उगारत नव्हता, मागावर बसला की जेवणाची आठवणही करत नव्हता. पण तीस वर्षं ती या नवऱ्याला उजेडाला धरून पाहत होती आणि रोज काहीतरी सापडत होतंच. तो घोरतो, तो हळू चालतो, बाजारात गेला की सडका भाजीपाला आणतो. तिचं त्याच्याशी बोलणं म्हणजे हुकूम, नाहीतर टोमणा. तोही मान डोलवायचा आणि मागावर धोटा फेकत राहायचा.

अशा घरात मोनिका वाढली. एकुलती एक, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स. आईचं नाक, आईचा हट्ट. एके दिवशी जेवताना तिने सरळ सांगितलं की मी लग्न ठरवलं आहे. मुलगा वरठीचा, अंकुर नावाचा, कारखान्यात क्रेन चालवतो. ख्रिश्चन आहे. लग्न चर्चमध्ये लागेल. मला धर्म बदलायला कोणी सांगितलेलं नाही, तिथल्या पाळकसाहेबांनी नागपूरच्या बिशपांकडून तशी परवानगी आणली आहे.

जानकीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं जिने मोडली तिच्या पोरीने चौकशीला जागाच ठेवली नव्हती. तिने ताट लोटलं. शिव्या दिल्या. नातेवाइकांना गोळा केलं, ते दोन दिवस जेवून गेले आणि पोरगी सज्ञान आहे म्हणाले. मोनिकाशी बोलणं बंद केलं, तर मोनिका भंडाऱ्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. नंदलालला जानकीबाई म्हणाली, तुम्ही बाप आहात की मागाचा खुंटा? नंदलाल म्हणाला, पोरगी समजदार आहे. त्या रात्री त्याला भात करपलेला मिळाला.

मग वरठीहून गुड्डी आली. गुड्डी म्हणजे जानकीबाईच्या भावाची मुलगी, तिचं सासर वरठीला, चर्चच्याच गल्लीत. तिने सहज सांगितलं की त्या लोकांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात आणि कोणाला हरकत असेल तर सांगा म्हणतात. एक रविवार होऊन गेला. जानकीबाई तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून उठली. सगळ्यांसमोर विचारतात? कोणीही सांगू शकतं? गुड्डी म्हणाली, तसंच म्हणतात आत्या, पण आजवर कोणी उठलेलं नाही.

आता बघाच, असं जानकीबाई मनात म्हणाली. तिला त्या परक्या धर्माबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. हे लोक निदान विचारतात तरी. चौकशी म्हणजे तिचा हातखंडा, आणि इथे तर चारचौघांत आमंत्रण देऊन चौकशी मागत होते. गावच्या बैठकीत चार शहाणी माणसं ऐकतात आणि सोयरीक मोडतात, तसंच हे, असं तिने धरून घेतलं. इथेच ती चुकली.

दुसरा रविवार तिने मुद्दाम सोडला. माल पुरता हातात यायला हवा होता. साड्यांचं गाठोडं घेऊन ती वरठीला फिरली, स्टेशनच्या बाजूला, कामगारांच्या चाळीत, कारखान्याच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर. एक साडी विकली नाही, पण अंकुरची कुंडली घेऊन आली. आई वारल्यावर पोरगा दोन वर्षं दारूत बुडाला होता. कामावरून काढला होता. बाजाराच्या दिवशी नालीत पडलेला लोकांनी पाहिला होता. आणि एकदा नशेत त्याने बापावर हात उचलला होता, बापाचा दात पडला होता. आता पीत नाही, कामावरही परत घेतलं म्हणे. जानकीबाईला त्या 'आता'शी घेणं नव्हतं. एवढ्यावर तिने राजाचं स्थळ मोडलं असतं.

तिसऱ्या रविवारी ती नंदलालच्या लुनावर मागे बसून वरठीला निघाली. सोबत पुरुष माणूस असला की शब्दाला वजन येतं, म्हणून त्याला नेलं होतं, एवढंच. बोलायचं नाही, अशी ताकीद दिली होती.

चर्च म्हणजे टिनाच्या छपराची लांबट खोली होती, पुढे लाकडी वधस्तंभ, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. जानकीबाई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. मोनिका तिसऱ्या रांगेत होती. आईला बघून तिचं तोंड उतरलं. गाणी झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणजे पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा घातलेला साधा माणूस होता, शर्टाची बाही कोपराजवळ रफू केलेली. त्यांनी शेवटी सांगितलं की अंकुर आणि मोनिका यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची सूचना आहे, कोणाला योग्य कारणाने हरकत घ्यायची असेल तर आत्ता घ्यावी. लोक तोवर पुढच्या गाण्याचं पान काढू लागले होते.

"मले हरकत आहे," जानकीबाई उभी राहून म्हणाली.

पानं उलटायची थांबली. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला, ही बाई कोण ते त्यांना कळलं असावं, आणि बोला ताई म्हणाले. मग जानकीबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. दारू सांगितली, नाली सांगितली, गेलेलं काम सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून बापाचा दात सांगितला. सवयच होती तिला, सगळ्यात जड गोष्ट हळू सांगायची. तिला वाटलं, झालं, मोडली सोयरीक.

पाळकसाहेबांनी अंकुरला उभं केलं. काळासावळा, रुंद खांद्यांचा पोरगा, मान खाली. हे खरं आहे काय, असं त्यांनी विचारलं. अंकुर म्हणाला, "खरं आहे. काकूनं एक शब्दही जास्त नाही सांगतला. बाबा मागं बसले आहेत." मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने होय म्हणून मान डोलवली. मोनिका बसल्या जागेवरूनच म्हणाली की मला हे सगळं यानेच सांगितलं आहे, ओळख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात.

मग पाळकसाहेब जानकीबाईकडे वळले आणि म्हणाले की तुम्ही सांगितलं ते बरं केलं, पण ही हरकत होत नाही.

जानकीबाईला कानफटात बसल्यासारखं झालं. "काहून नाही होत?"

त्यांनी तिला शांतपणे समजावलं. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल आणि तो जोडीदार हयात असेल, दोघं एका रक्ताचे असतील, किंवा कोणावर जबरदस्ती होत असेल, तर ती हरकत. माणूस वाईट आहे, ही हरकत नाही. ती चालली असती तर या खोलीत बसलेल्यांपैकी एकाचंही लग्न लागलं नसतं, माझं तर नक्कीच नाही. दोन-चार बाया हसल्या. जानकीबाईला ते हसू झोंबलं.

"मंग लग्न कायले लावता?" ती म्हणाली. "खोटवाला माल गळ्यात बांधाले?"

"हो," पाळकसाहेब म्हणाले. "लग्न काही चांगल्या माणसांना बक्षीस म्हणून भेटत नाही, ताई. दोन खोटवाल्या माणसांना देव एका खुंट्याला बांधतो अन् म्हणतो, आता एकमेकाले सांभाळत माझ्याकडं या. आमच्या प्रभूनं आम्हाला असंच जवळ केलं. नवरा-बायकोनं तसंच करायचं, लोकांना त्याचा नमुना दिसावा म्हणून."

"म्हणजे तुमचा देव चौकशी करत नाही."

"करतो. सगळी करतो. मग हो म्हणतो."

जानकीबाई खाली बसली नाही. पाळकसाहेबांना वाटलं बाईला समजून घ्यायचं आहे, म्हणून ते पुढे सांगत गेले. लग्नाच्या दिवशी आजारपणात, गरिबीत, वाईट दिवसांत सोडणार नाही असं दोघं देवासमोर बोलतात. त्याआधी नवरदेवाला विचारतात, ही तुला पत्नी म्हणून हवी आहे का. मग नवरीला विचारतात.

"नवरीले?" जानकीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"नवरीलाही. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ती हो म्हणाली नाही तर मी पुढं एक शब्द वाचत नाही. मग तिचा बाप असो की मामा, कोणाचं काही चालत नाही."

आतून उसळलं तो रागच, असं जानकीबाईला वाटलं, कारण रागाचीच तिला सवय होती. तिसऱ्या रांगेत तिची पोरगी बसली होती, नवी ओढणी घेतलेली, ताठ मानेची. तिला विचारणार होते. सगळी खोली थांबणार होती आणि तिला विचारणार होते. जानकीबाईला ते सहन झालं नाही. आणि मग तिने ते केलं जे तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. चौकशीत खोटं सांगितलं.

"जबरदस्ती आहे," ती म्हणाली. "या पोरानं माह्या लेकीचे फोटो काढून ठेवले. धमकी देऊन राहिला. पोरगी भेवानं हो म्हणते."

आता कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांचा चेहरा बदलला. हे खरं असेल तर लग्न आज, इथेच थांबलं, असं ते म्हणाले, आणि नुसतं थांबणार नाही, पोलिसांतही जावं लागेल. अंकुर भिंतीसारखा पांढरा पडला. मोनिका उठून उभी राहिली, पण रडू आल्यामुळे तिला नीट बोलता येईना. "माय, तू खोटं बोलून राहिली," एवढंच ती म्हणाली. पण भ्यालेली पोरगीही असंच म्हणाली असती, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. पाळकसाहेबांनी जानकीबाईला विचारलं की ताई, देवासमोर उभ्या आहात, हेच पुन्हा एकदा सांगता का?

एकदा 'हो' म्हटलं की काम फत्ते होतं. जानकीबाईने तोंड उघडलं.

"नाही साहेब," पुरुषांच्या बाजूने आवाज आला. "फोटोबिटो काही नाही."

नंदलाल उभा होता. त्याला चारचौघांत बोलताना मोहाडीतही कोणी ऐकलं नव्हतं. तो पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून होता.

"जबरदस्तीची गोष्ट खरी आहे," तो म्हणाला. "पण पोरीची नाही. हिची आहे. हिले मामानं दंड धरून बोहल्यावर आणली होती. मलेही कोणी इचारलं नव्हतं, मलेही तवा लग्न नको होतं." मग तो बायकोकडे वळला. "पण मंडपात उभं केलं, मी मनात हो म्हणलं, अन् ते धरून बसलो. तू अजून म्हणलीच नाही. तुह्यी हरकत माह्यावर आहे. त्या पोराले काहून धरून राहिली?"

जानकीबाईला त्याक्षणी नवऱ्याचा गळा दाबावासा वाटला. तीस वर्षं मुका असलेला माणूस तोंड उघडतो ते परक्यांच्या देवळात, आणि तिचंच झाकलेलं उघडं करतो. पण पाळकसाहेब पुन्हा, अगदी हळू आवाजात, फोटोंचं खरं आहे का असं विचारत होते, आणि नंदलालच्या तोंडून ते निघाल्यावर तिला तेच खोटं दुसऱ्यांदा बोलता येईना. तिने मान हलवली. नाही. मग पदर खोचून, कोणाकडे न बघता ती मधल्या वाटेने बाहेर पडली. मागून पाळकसाहेबांचा आवाज आला की योग्य हरकत आलेली नाही, विवाह ठरल्या दिवशी होईल. लगेच गाणं सुरू झालं.

बाहेर ऊन रणरणत होतं. नंदलालने लुना काढली, पण जानकीबाई बसली नाही. ती मोहाडीच्या रस्त्याला पायीच लागली. नंदलाल लुना ढकलत तिच्या मागे चालू लागला. दोन्ही बाजूंना उन्हाळी धान उभं होतं, सावलीला झाड नाही. ती त्याला वाटेल ते बोलली. घरभेद्या म्हणाली, मेंगळट म्हणाली, लेकीसमोर माझी लाज काढली म्हणाली. हे लग्न मी पाहणार नाही म्हणाली. नंदलाल ऐकत होता आणि लुना ढकलत होता. बोलता बोलता तिचा आवाज फाटला, आणि ती रडते आहे हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं.

चालता चालता तिला एक गोष्ट दिसली, आणि ती तिला अजिबात आवडली नाही. बापाने चौकशी केली नाही, हे ती इतकी वर्षं उगाळत आली होती. पण बापाने दहा गावं पालथी घातली असती तरी नंदलालमध्ये काय सापडलं असतं? काही नाही. चौकशीचा प्रश्नच नव्हता. तिला विचारलं नव्हतं. बाकी सगळ्यांना विचारलं होतं, भटजीला, मामाला, मांडववाल्याला. ज्या पोरीला द्यायचं होतं तिला सोडून. आणि आता तिच्या पोटच्या पोरीला विचारणार होते, म्हणून ती ते मोडायला निघाली होती. तिला मोनिकाचा हेवा वाटत होता. आईला लेकीचा हेवा वाटावा, यापेक्षा वाईट खोट तिने कोणाच्या घरात पाहिली नव्हती.

ती थांबली. "तिले खरंच इचारतील?"

"साहेब म्हणले ना. सगळ्यांसमोर."

"मंग मी येईन. ऐकाले येईन. अक्षता टाकाले नाही."

"त्यांच्यात अक्षता नसतात," नंदलाल म्हणाला.

ती नवऱ्याकडे वळली. चेहऱ्यावर तोच जुना ताठा होता, पण डोळे सुजले होते.

"मले इचारा," ती म्हणाली.

"काय?"

"कोणी इचारलं नाही ते. आता इचारा. मोठ्यानं."

नंदलालने रस्त्यावर पुढे-मागे पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने लुना स्टँडला लावली, टोपी नीट केली आणि उभा राहिला. बोहल्यावर उभा होता तसाच घाबरलेला.

"जानकी, तुले मी पायजे काय?"

तीस वर्षं हे उत्तर तिच्याजवळ तयार होतं, आणि आज पहिल्यांदा कोणी ते मागितलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

नंदलालने मान डोलवली. त्याला वाईट वाटलं, ते त्याने लपवलं नाही. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, लुना स्टँडवरून काढली आणि पायडल मारून सुरू केली.

"बरं," तो म्हणाला. "उद्या पुन्हा इचारीन."

"उद्याही नाहीच म्हणीन," जानकीबाई म्हणाली, आणि गाडीवर बसली.